चिएरीचा खेळगडी : संत जॉन बोस्को

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाचा इतिहास, बांधकामाचा खर्च आणि सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें असावींत हें योग्यच आहे. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ भिंती आणि घंटा नव्हेत. मिस्सा संपल्यावर अंगणांत रेंगाळणारीं मुलेंही त्याचाच भाग होत. त्यांचा चेंडू उपासनेच्या वेळीं खिडकीवर आदळला कीं आपण वडील मंडळी डोळे वटारतों, आणि खेळ व प्रार्थना ह्यांचें वैर आहे असें त्यांस नकळत शिकवितों. हें वैर ज्यानें कधींच मानलें नाहीं अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याच्या मोठ्या संस्थांचें वर्णन अन्यत्र पुष्कळ झालें आहे; आमचें मन ओढतें तें त्याच्या लहान गांवांतील दिवसांकडे.

जॉन बोस्को ह्याचा जन्म ता. १६ ऑगस्ट १८१५ रोजीं उत्तर इटलींतील पिमाँत प्रांतीं, कास्तेलनुओवो गांवाजवळच्या बेक्की नांवाच्या वाडींत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. तो पुरता दोन वर्षांचाही झाला नव्हता तोंच वडील न्युमोनियानें वारले. घरांत म्हातारी आजी, वडिलांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा आंतोनियो, थोरला सख्खा भाऊ जुझेप्पे, आणि ह्या सर्वांचा भार वाहणारी आई मार्गारिता. ह्या माउलीस लिहितां-वाचतां येत नव्हतें. पण धर्मप्रश्नोत्तरी तिला मुखोद्गत होती, आणि तीच मुलांची पहिली शिक्षिका झाली.

आसपासच्या गांवांत जत्रा भरत, तेथें डोंबारी व गारुडी येत. जॉन त्यांच्या हातांकडे टक लावून पाही आणि घरीं येऊन तेंच करूं लागे. पडे, खरचटे, पुन्हां उठे. असें करतां करतां तो दोरावर चालूं लागला, कोलांट्या मारूं लागला, हातचलाखीचे खेळ दाखवूं लागला. रविवारीं शेजारच्या कुरणांत दोन झाडांना दोर बांधला कीं सारी वाडी जमे. तिकीट पैशाचें नव्हतें. आधीं सर्वांनीं रोझरी म्हणावी, सकाळीं देवळांत ऐकलेलें प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हां ऐकावें, मग खेळ. ज्याला प्रार्थना नको त्याला खेळही नाहीं, असा त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा कायदा होता, आणि मोठीं माणसेंही तो निमूटपणें पाळीत.

घरांत मात्र आंतोनियोला त्याचीं पुस्तकें डोळ्यांसमोर नकोशीं झालीं. शेतकऱ्याच्या पोरानें कुदळ सोडून लॅटिन कशाला शिकावें, हा त्याचा प्रश्न अगदींच अडाणीपणाचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या घरांत खाणारीं तोंडें पुष्कळ होतीं. पण भांडण विकोपास गेलें, आणि १८२८ च्या फेब्रुवारींत बारा वर्षांच्या जॉनला घर सोडून मोल्या नांवाच्या कुटुंबाच्या शेतावर गडी म्हणून राहावें लागलें. शाळेचा मार्ग मोकळा होईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ लोटला.

१८३१ च्या नोव्हेंबरांत तो चिएरी येथें आला. तुरीन शहरापासून सुमारें दहा मैलांवरचें हें विणकरांचें गांव. सोळा वर्षांचा हा दांडगा मुलगा खालच्या वर्गांत लहान लहान पोरांशेजारीं बसूं लागला. पोटासाठीं त्यानें नाना कामें केलीं. पुढें एका कॉफीच्या दुकानांत नोकरी धरली, तेव्हां जिन्याखालची खोपटी हेंच त्याचें निजण्याचें ठिकाण होतें. अशा स्थितींत १८३२ सालीं त्यानें सोबत्यांचें एक मंडळ काढलें व त्यास आनंद मंडळ असें नांव दिलें. नियम थोडे होते. ख्रिस्ती माणसास न शोभणारें बोलणें व वागणें टाळावें, शाळेचीं व धर्माचीं कर्तव्यें चोख करावींत, आणि सदा आनंदी असावें. सभासदांनीं चांगलीं पुस्तकें व नवे खेळ शोधून आणावेत असेंही ठरलें होतें. रविवारीं हीं मुलें येशूसंघीय धर्मगुरूंच्या सेंट अँथनी चर्चमध्यें धर्मशिक्षणास जात.

अशांत गांवांत एक डोंबारी आला आणि नेमका उपासनेच्या वेळीं खेळ करूं लागला. मुलें तिकडे धांवलीं. जॉननें त्याला वेळ बदलण्याची विनंती केली, ती त्यानें हंसण्यावारी नेली. तेव्हां पैज लागली. जॉनजवळ पैसा नव्हता. मंडळाच्या सोबत्यांनीं मिळून वीस फ्रँक उभे केले. पहिली शर्यत गांवाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत धांवण्याची. डोंबारी आरंभीं पुढें होता, पण जॉननें त्यास इतकें मागें टाकलें कीं तो वाटेंतच थांबला. पैज दुप्पट होऊन चाळीस फ्रँकांवर गेली. आतां ओढ्यावरून उडी. पलीकडे कठडा होता. डोंबाऱ्याचे पाय त्याला अगदीं भिडून पडले, पुढें जागाच उरली नाहीं. जॉननेंही तेवढीच उडी घेतली, मात्र हात कठड्यावर टेकून तो त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

तिसरी पैज ऐशी फ्रँकांची. छडीच्या टोंकावर टोपी ठेवून ती तळहातावरून एकेका बोटावर, कोपरावर, खांद्यावर, हनुवटीवर, नाकावर, कपाळावर न्यायची व तशीच परत आणायची. जॉननें तें करून दाखविलें. डोंबारीही कसबी होता, पण त्याचें नाक जरा लांब असल्यामुळें छडी तेथेंच घसरली! शेवटीं शंभर फ्रँक लावून एल्मच्या उंच झाडावर चढण्याची पैज ठरली. डोंबारी इतका वर गेला कीं आणखी वीतभर चढला असता तर फांदी मोडली असती. जॉन तेथवर चढला, हातांनीं खोड घट्ट धरलें आणि अंग उलटें करून पाय आकाशाकडे नेले; त्याचे पाय प्रतिस्पर्ध्याच्या खुणेच्या पुष्कळ वर गेले.

दोनशें चाळीस फ्रँक हरलेला तो मनुष्य रडकुंडीस आला. ह्या गोष्टींत लोक बहुधा झाडाचा प्रसंग रंगवून सांगतात. आम्हांस त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. मुलांना त्याची कींव आली. मुलेत्तो नांवाच्या खाणावळींत सर्वांना जेवण द्यावें, एवढ्या अटीवर पैसे परत करण्याचें ठरलें. बावीस मुलें जेवलीं, पंचवीस फ्रँक खर्च झाला आणि उरलेले दोनशें पंधरा डोंबाऱ्याच्या हातीं पडले. पुन्हां विद्यार्थ्यांशीं पैज लावणार नाहीं असें कबूल करून तो आभार मानीत निघून गेला.

अंगांत बळ असलें कीं तें हातांत उतरतें, हा दोष जॉनमध्येंही होता. लुइजी कोमोल्लो ह्या सौम्य मित्रास दांडगट पोरें मारूं लागलीं, तेव्हां त्यानें त्यांतल्याच एकाला उचलून सोट्यासारखें फिरविलें व इतरांस झोडपलें. देवानें हें बळ बंधूंस मारण्यासाठीं दिलेलें नाहीं, असें कोमोल्लोनें त्यास शांतपणें समजाविलें. कोमोल्लो १८३९ त तरुणपणींच वारला, पण ही शिकवण जॉनच्या मनांत राहिली.

१८३५ च्या ऑक्टोबरांत त्यानें सेमिनरीचा झगा अंगावर घेतला आणि स्वतःचे डोंबाऱ्याचे व जादूचे खेळ सोडले. पुढें एका सणाला त्याच्या व्हायोलिनवर अंगणांत लोक नाचूं लागले हें पाहून त्यानें घरीं येऊन तें वाद्य मोडून टाकलें. आम्हांस हें थोडें कठोर वाटतें. पण स्वतःवर इतका कडक असलेल्या ह्या मनुष्यानें मुलांचें खेळणें मात्र कधीं कमी केलें नाहीं.

ता. ५ जून १८४१ रोजीं ते धर्मगुरु झाले. इटलींत धर्मगुरूंस डॉन म्हणतात; आपण नांव समजतों ती वास्तविक पदवी आहे. तुरीनमध्यें गवंड्यांचीं व कारागिरांचीं पोरकीं पोरें त्यांच्याभोंवतीं जमलीं, आणि त्यांच्या गलबल्यामुळें जागोजागीं हाकलपट्टी झाली. एका कुरणाच्या मालकांनीं तर मुलांच्या पायांनीं गवताचीं मुळें मेलीं म्हणून तक्रार केली! अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागांत पिनार्दी नांवाच्या गृहस्थाची पडवी मिळाली, आणि नोव्हेंबरांत आई मार्गारिता बेक्कीचें घर सोडून त्या पोरांची आई व्हावयास आली.

तिनें तेथें भाजीचा मळा केला. एके दिवशीं लढाईच्या खेळाच्या भरांत मुलांनीं तो तुडवून सपाट केला. अशा अनेक त्रासांनीं थकून, आपल्याला बेक्कीस परत जाऊं द्यावें असें तिनें मुलाजवळ सांगितलें. डॉन बोस्को ह्यांनीं उत्तर दिलें नाहीं. भिंतीवरील क्रुसाकडे बोट केलें. ती मुकाट्यानें कामाला लागली आणि १८५६ च्या नोव्हेंबरांत मरण येईपर्यंत तेथेंच राहिली. मुलांच्या आनंदाची किंमत कोणी तरी देत असतें. वाल्दोक्कोंत ती ह्या म्हातारीनें दिली.

शरद ऋतूंत डॉन बोस्को मुलांना घेऊन बेक्कीस रोझरीच्या सणाला जात. पुढें त्याच्या लांब पायीं सहली झाल्या. पुढें बँड, मागें मुलांची रांग. गांव आलें कीं देवळांत प्रार्थना, मग चौकांत वाद्यें आणि नाटक. गांवकरी मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा रांधून सर्वांस जेवूं घालीत. १८६४ ची सहल जेनोआपर्यंत गेली; त्याच सहलींत मोर्नेझे गांवीं मारिया मात्सारेल्लो ह्या तरुणीची गांठ पडली, आणि १८७२ त तिच्यासह मुलींसाठीं भगिनींचा संघ स्थापन झाला. मुलांसाठींचा सलेशियन संघ १८५९ सालींच निघाला होता.

ता. ३१ जानेवारी १८८८ रोजीं डॉन बोस्को तुरीन येथें वारले. १९३४ च्या ईस्टरला त्यांची संतपदीं प्रतिष्ठा झाली. त्यांचे अनुयायी १९०६ सालीं तंजावरला व १९२८ सालीं मुंबईस आले. आणि कास्तेलनुओवो गांवानें १९३० सालीं आपल्या नांवापुढें डॉन बोस्को हीं अक्षरें जोडलीं.