बाळू पालवणकर

क्रिकेटच्या सामन्यात शतक काढणाऱ्या फलंदाजाचे नाव सर्वांच्या तोंडी होते. परंतु ती खेळपट्टी कोणी तयार केली, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. मैदान झाडण्यापासून सामना जिंकून देण्यापर्यंत सर्व कामे करूनही ज्यांना संघाचे नायकत्व रीतसर कधी लाभले नाही, अशा बाळू पालवणकरांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे त्यांचे बालपण पुण्यात गेले. तेथे पारशांच्या एका क्लबात दरमहा ३ रुपये वेतनावर मैदान झाडण्याचे व रूळ फिरविण्याचे काम त्यांना मिळाले. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे जाळी उभारावी, खेळपट्टी राखावी आणि साहेबांना सरावासाठी तासन्तास चेंडू टाकावेत, असा त्यांचा नित्यक्रम असे. ग्रेग या निष्णात इंग्रज फलंदाजाला चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी परिपक्व झाली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना क्वचितच मिळे.

लवकरच पुण्यातील हिंदू खेळाडूंना त्यांची गरज भासली. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले. परंतु चहाच्या वेळी त्यांना बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात चहा दिला जाई. हा अपमान सोसूनही त्यांनी आपल्या खेळात उणेपणा येऊ दिला नाही.

मुंबईस आल्यावर ते हिंदू संघाचे आधारस्तंभ झाले. १९०६ साली या संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात संघाला पराभव फार पत्करावे लागले, तरी बाळूंनी एकट्याने १०० हून अधिक बळी मिळविले.

एवढी कामगिरी असूनही कर्णधाराच्या निवडीच्या वेळी त्यांची जात आडवी येई. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल या त्यांच्या बंधूंनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. अखेर बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले, आणि कर्णधार काही काळ मैदानाबाहेर गेले असता संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२३ साली विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले व हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याने मिळविला.

पुढे बाळूंनी सार्वजनिक जीवनात भाग घेतला. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शाळेच्या मैदानावरही चुन्याने रेषा आखणारा, चेंडू आणून देणारा, सांगाल त्या जागी उभा राहणारा एखादा मुलगा असतोच. त्याच्याकडून काम करून घेणे सोपे आहे. नायक निवडताना त्याचे नाव आठवणे, हीच खरी खिलाडूवृत्ती होय.