शांततेची शुश्रूषा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले, की हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या रांगांमधून फिरणारी स्त्री डोळ्यांपुढे उभी राहते. शाळेतील धड्यांनी आणि परिचारिका दिनाच्या भाषणांनी हे चित्र मनावर इतके ठसवले आहे, की युद्धावरून परतल्यावर बाई आणखी चोपन्न वर्षे जगल्या आणि त्यांतली कित्येक वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अर्धशिशीच्या वेदनेने पडदे ओढून निपचित पडून राहावे लागणाऱ्यांना मात्र बाईंचे हे दुसरे आयुष्य त्या दिव्यापेक्षा अधिक जवळचे वाटावे.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि त्या शहराचेच नाव त्यांना मिळाले. वडिलांनी मुलीला घरीच उत्तम शिक्षण दिले; पण रुग्णसेवेचा ध्यास तिने बोलून दाखवताच घरात वादळ उठले. त्या काळी हे काम कुलीन स्त्रीचे मानले जात नसे. अखेर १८५१ साली जर्मनीतील कैसरवर्थ येथे त्यांना काही महिन्यांचे शिक्षण घेता आले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीट भागातील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले.

नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक मरत होते. १८५५ च्या वसंतात सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे उपसली, हवा खेळती केली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्याच वर्षी मे महिन्यात बालाक्लाव्हा येथे बाई स्वतःच तापाने अंथरुणाला खिळल्या. त्या दुखण्यातून जीव वाचला, पण पूर्वीची प्रकृती पुन्हा लाभली नाही.

१८५७ मध्ये त्या कोसळल्या. धाप, छातीतील धडधड, अन्नाची शिसारी, निद्रानाश आणि पुढे पाठीच्या कण्यातील असह्य वेदना यांनी त्यांचा पिच्छा पुरवला. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नव्हते. साहजिकच, हे दुखणे मनाचे आहे, नकोशा पाहुण्यांना टाळण्याचा तो बहाणा आहे, अशी कुजबुज झाली. पुढच्या काही चरित्रकारांनीही तोच सूर लावला. १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका लेखाने हा आजार दीर्घकालीन ब्रुसेलोसिस असावा, असे सप्रमाण मांडले. तोवर बाईंना जाऊन ८५ वर्षे झाली होती. म्हणजे त्यांचे दुखणे अर्धशिशीचे नव्हे. पण वेदना आहे आणि दाखवायला खूण नाही, ही अवस्था अर्धशिशीच्या प्रत्येक रुग्णाला ओळखीची आहे.

याच अवस्थेत त्यांनी परिचर्येवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. त्यावर १८५९ हे साल आहे. विक्रीला ते १८६० च्या आरंभी आले. परिचारिकेच्या डोळ्यांनी पाहिलेले आणि रुग्णाच्या कानांनी ऐकलेले, असे दोन्ही अनुभव त्यात एकवटले आहेत. त्यातील गोंगाटावरचे प्रकरण तर अर्धशिशीच्या रुग्णासाठीच लिहिले असावे, असे वाटते. मोठ्या आवाजापेक्षा अचानक होणारा आवाज अधिक घातक, हे त्यांचे निरीक्षण. खोलीबाहेर चाललेली कुजबुज, अर्धवट कानी पडणारे बोलणे, झग्याची सळसळ, करकरणारे दार, वाऱ्याने फडफडणारा पडदा या साऱ्यांची जबाबदारी त्यांनी परिचारिकेवर टाकली. रुग्णाशी मागून बोलू नये, त्याला मान वळवायला लावू नये, पलंगाला टेकून तो हलवू नये, पहिल्या झोपेतून तर कधीच उठवू नये. न खाल्लेले ताट उशाशी ठेवू नये, दुसऱ्याच्या अन्नाचा वास त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नये. ठणकत्या डोक्याने आणि मळमळत्या पोटाने पडलेल्या माणसाला यातील एकही सूचना क्षुल्लक वाटणार नाही. भेटीच्या वेळी आपल्या रुग्णालयांत जो कल्लोळ उसळतो, तो पाहता हे प्रकरण वॉर्डाच्या दारावरच लावावे, असे मनात येते.

उजेडाच्या बाबतीत मात्र बाई हट्टी होत्या. ताज्या हवेच्या खालोखाल रुग्णाला सूर्यप्रकाश हवा, असे त्या आग्रहाने सांगत. परंतु काही रुग्णांचे डोळे प्रकाश सहन करू शकत नाहीत, हे त्यांनी नोंदवले आहे. अशा वेळीही रुग्णाला कोंदट, कायम अंधाऱ्या खोलीत ढकलू नये. खोली उजेडाची असावी आणि पडद्यांनी तो हवा तेवढा मंद करावा. झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकू शकणाऱ्या या आजारात ही सूचना किती मोलाची, हे घरच्यांनाही ठाऊक असते.

माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी देणगी याहून वेगळी आहे. रात्र बरी गेली का, अशा मोघम प्रश्नांचा त्यांना तिटकारा होता. किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी, असे नेमके विचारावे, असे त्या शिकवत. १८५८ साली ब्रिटनच्या संख्याशास्त्र संस्थेने सदस्यत्व दिलेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या. त्यांचा ओढा आकड्यांकडे असणारच. आज डोकेदुखीच्या दवाखान्यातील परिचारिका रुग्णाला नोंदवही ठेवायला सांगते: महिन्यातून किती दिवस दुखले, किती तास, पाळीच्या आसपास का, झोप मोडली होती का, गोळ्या किती घेतल्या. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस आणि ट्रिप्टान गटातील औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी महिनोन्‌महिने घेतली, तर औषधामुळेच डोकेदुखी जडते. घाईतल्या तपासणीत निसटणारी ही गोष्ट परिचारिकेच्या नेमक्या विचारपुशीत सापडते. आपले दुखणे कोणीतरी लिहून घेते आहे, हे पाहून रुग्णाला जो धीर येतो, तो वेगळाच.

१८६० साली जनतेने उभारलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात बाईंची परिचारिका शाळा सुरू झाली. त्या स्वतः बहुधा खोलीतच असत. पत्रांतून आणि भेटीस येणाऱ्यांकडून कारभार पाहत. भारतात त्यांनी कधी पाऊल ठेवले नाही, तरी येथील लष्कराच्या आरोग्यावरील १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालामागे त्यांचेच परिश्रम होते. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला त्यांनी प्रस्तावनाही लिहिली. उतारवयात पाठदुखी ओसरली, पण दृष्टी गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनच्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा प्रस्ताव कुटुंबीयांनी नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. तेथील दगडावर नावाची केवळ आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा कोरल्या आहेत.