अँथनी ट्रॉलप व बार्सेटच्या सहा कादंबऱ्या

इंग्रजी विनोदी वाङ्मयांत अँथनी ट्रॉलप या ग्रंथकाराची बार्सेटशायर ही सहा कादंबऱ्यांची माला प्रसिद्ध आहे. हातीं येईल तें पुस्तक आधीं वाचावें असा पुष्कळांचा परिपाठ असतो. प्रत्येक कथा आपल्यापरी पूर्ण असल्यामुळें फारसें अडतहि नाहीं. परंतु तसें वाचणारा एका मोठ्या लाभास मुकतो, असें आम्हांस वाटतें. तो लाभ कोणता हें कळण्यास ग्रंथकाराच्या चरित्राकडे वळलें पाहिजे.

ट्रॉलपचा जन्म ता. २४ एप्रिल १८१५ रोजीं लंडन येथें झाला. वडील विद्वान बॅरिस्टर, पण स्वभावानें तापट. त्यामुळें अशील दुरावले. मग शेती केली, तीहि बुडाली. अँथनी हॅरोच्या सुप्रसिद्ध शाळेंत शिके; मात्र रोज दुरून, चिखलाच्या वाटेनें, पायीं जाई. श्रीमंतांच्या मुलांत त्याचे मळके कपडे व चिखलानें माखलेले जोडे उठून दिसत. एकदां खुद्द मुख्याध्यापकांनीं त्यास रस्त्यांत अडवून, असला गलिच्छ मुलगा आपल्या शाळेचा असूं शकतो काय, असें विचारलें. (आम्हां शिक्षकांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.) १८३४ सालीं वडील कर्जापायीं बेल्जममधील ब्रूज शहरीं निघून गेले. तेथें आई क्षयी मुलाची शुश्रूषा करी आणि रात्रीं जागून कादंबऱ्या लिही. घर त्यावरच चाले.

त्याच वर्षीं अँथनी लंडनच्या पोस्टखात्यांत सालीना ९० पौंडांवर कारकून झाला. उशिरां येणारा म्हणून तेथेंहि त्याची अपकीर्तिच होती. १८४१ सालीं तो आयर्लंडांत गेला, आणि जणूं निराळाच मनुष्य झाला. काम चोख होऊं लागलें, विवाह झाला, लेखनास आरंभ झाला. इंग्रजी अमलाखालील चॅनल बेटांत १८५२ सालीं रस्त्यांवर प्रथम पत्रपेट्या उभ्या राहिल्या, त्याहि त्याच्याच सूचनेवरून! पुढें पहाटे साडेपांचास लिहावयास बसावें, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासास २५० शब्द लिहावेत आणि मग कचेरीस जावें, असा त्याचा नेम असे. त्यास वेळेवर उठविण्याबद्दल गड्यास सालीना पांच पौंड अधिक मिळत. एकंदर ४७ कादंबऱ्या त्यानें लिहिल्या.

मालेंतील पहिली 'द वॉर्डन' (१८५५). बारा वृद्धांच्या आश्रमाचे पालक मि. हार्डिंग हे, सालीना ८०० पौंड घेण्याचा आपणांस हक्क आहे काय, अशी शंका येतांच स्वकीयांचा विरोध असतांहि जागा सोडतात. दुसऱ्या 'बार्चेस्टर टॉवर्स' (१८५७) मध्यें नवे बिशप येतात, पण कारभार चालतो त्यांच्या पत्नीचा, मिसेस प्राउडींचा! येथें हंसूं आवरत नाहीं. ही पाळकवर्गाची थट्टा वाचून आपणां ख्रिस्ती वाचकांनीं रुष्ट होऊं नये. तींत विष नाहीं. मग 'डॉक्टर थॉर्न' (१८५८), 'फ्रॅम्ले पार्सनेज' (१८६१), 'द स्मॉल हाउस अ‍ॅट अ‍ॅलिंग्टन' (१८६४) आणि शेवटीं 'द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट' (१८६७).

या अखेरच्या ग्रंथांत क्रॉली नांवाच्या पाळकावर २० पौंडांच्या चेकच्या चोरीचा आळ येतो. हा गृहस्थ चौथ्या पुस्तकांत प्रथम भेटलेला. विद्वान, मानी आणि अत्यंत दरिद्री. बिशपसाहेबांचें बोलावणें येतांच तो चिखल तुडवीत निघतो. आपले जोडे घाणेरडे दिसतील याचाच त्यास अभिमान वाटतो. तेथें तो मिसेस प्राउडींस चार शब्दांत गप्प करतो. हें लिहितांना ट्रॉलपच्या डोळ्यांपुढें आपले वडील आणि हॅरोची वाट असावी, असा आमचा तर्क आहे. ज्यानें त्या बाईंचा दरारा दुसऱ्या पुस्तकापासून पाहिला आहे, त्यासच त्या क्षणाचें मोल कळतें. पुढें त्या बाई मरतात, हार्डिंगहि मरतात. हें पुस्तक आधीं वाचणाऱ्यास तीं दोन अनोळखी माणसें. क्रमानें आलेल्या वाचकास मात्र, जिला आपण इतके हंसलों तिच्याहि मरणानें चुटपुट लागते.

ट्रॉलपनें त्याच वर्षीं पोस्टखातें सोडलें. ता. ६ डिसेंबर १८८२ रोजीं तो वारला, व १८८३ सालीं त्याचें आत्मचरित्र निघालें. घड्याळ लावून लिहिल्याची कबुली वाचून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. हॅरोच्या त्या चिखलाची हकीकत त्याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणांत आहे.