फ्रँक चॅपमन

फ्रँक एम. चॅपमन (१२ जून, इ.स. १८६४ – १५ नोव्हेंबर, इ.स. १९४५) हे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ, लेखक व संपादक होते. हिवाळ्यात आपापल्या परिसरातील पक्षी मोजून नोंदविण्याची ‘नाताळ पक्षिगणना’ त्यांनी इ.स. १९०० मध्ये सुरू केली. सामान्य नागरिकांच्या सहभागातून चालणाऱ्या जगातील सर्वांत जुन्या पक्षिगणनांमध्ये तिची गणना होते.

== प्रारंभिक जीवन ==
चॅपमन यांचा जन्म न्यू जर्सी राज्यातील एंगलवूड परिसरात झाला. त्यांनी विद्यापीठीय शिक्षण घेतले नव्हते. न्यूयॉर्कमधील एका बँकेत नोकरी करीत असताना ते कामावर जाण्यापूर्वी पहाटे पक्ष्यांच्या स्थलांतराच्या नोंदी घेत. त्या काळी स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे व पेंढा भरलेले पक्षी लावण्याची रीत होती. इ.स. १८८६ मध्ये चॅपमन यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर अशा टोप्यांची मोजदाद केली. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पक्षी वा पिसे होती आणि त्यांत त्यांनी ४० जाती ओळखल्या. त्याच वर्षी त्यांनी बँकेची नोकरी सोडली.

== संग्रहालयातील कार्य ==
इ.स. १८८८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात साहाय्यक म्हणून रुजू झाले व पुढे तेथील पक्षिविभागाचे प्रमुख झाले. नैसर्गिक अधिवासाच्या चित्रित पार्श्वभूमीवर पक्षी मांडून दाखविणारी दालने त्यांनी उभारली. त्या काळच्या प्रथेप्रमाणे अभ्यासासाठी त्यांनी स्वतःही पक्षी मारून नमुने जमविले. मात्र पिसांसाठी व करमणुकीसाठी होणाऱ्या हत्येस त्यांचा ठाम विरोध होता. फ्लोरिडातील पेलिकन बेटास इ.स. १९०३ मध्ये संरक्षण मिळण्यात त्यांच्या प्रयत्नांचा वाटा होता. कोलंबियातील पक्ष्यांवरील त्यांचा ग्रंथ इ.स. १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

== नाताळ पक्षिगणना ==
अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन गट करून शिकार करण्याची चाल होती. ज्या गटाने अधिक प्राणी-पक्षी मारले तो विजयी ठरे. इ.स. १८९९ मध्ये सुरू केलेल्या ‘बर्ड-लोर’ या आपल्या नियतकालिकातून चॅपमन यांनी त्याऐवजी पक्षी केवळ मोजण्याचे आवाहन केले. २५ डिसेंबर, इ.स. १९०० रोजी कॅनडातील टोरांटोपासून कॅलिफोर्नियापर्यंत २५ ठिकाणी २७ निरीक्षकांनी गणना केली. सुमारे ९० जातींचे सुमारे १८,५०० पक्षी नोंदविले गेले. चॅपमन यांनी स्वतः एंगलवूड येथे गणना केली.

== पद्धत व महत्त्व ==
आज ही गणना १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात होते. सुमारे २४ किलोमीटर व्यासाच्या ठरावीक वर्तुळात एका दिवसात दिसलेले पक्षी मोजतात. वर्तुळात राहणाऱ्यांना घराच्या परसातील दाणापात्रावर येणारे पक्षीही नोंदविता येतात. निरीक्षक वाढले की नोंदीही वाढतात. त्यामुळे निरीक्षणाचे तास लिहून ठेवले जातात.

एखाद्या हिवाळ्यात परसात पक्षी कमी दिसले, म्हणून ती जात घटली असे ठरत नाही. उत्तरेकडील जंगलांत बियांचे पीक चांगले आले, तर तेथील काही पक्षी दक्षिणेकडे उतरतच नाहीत. खरा बदल अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र पाहिल्यावरच कळतो. या गणनेच्या सुमारे ४० वर्षांच्या माहितीचे विश्लेषण इ.स. २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अभ्यासलेल्या ३०५ जातींपैकी ५८ टक्के जातींचे हिवाळी वास्तव्य उत्तरेकडे सरकल्याचे आढळले. वाढते तापमान हे त्याचे एक कारण मानले जाते.

== वारसा ==
चॅपमन यांचे आत्मचरित्र इ.स. १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बर्ड-लोर’ इ.स. १९३५ मध्ये ऑड्युबॉन संस्थेकडे गेले व गणनेची जबाबदारीही पुढे तिनेच सांभाळली. ही संस्था व कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा यांनी इ.स. १९९८ मध्ये परसातील पक्ष्यांची स्वतंत्र गणना सुरू केली. फेब्रुवारीत होणारी ही गणना इ.स. २०१३ पासून जगभर खुली झाली असून महाराष्ट्रासह भारतातील पक्षिनिरीक्षकही तीत भाग घेतात.