जुनं विमान, नवी पायलट

पहिली सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की घरात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, साधी घे, आधी हात बसू दे. दुसरी पार्टी म्हणजे बहुतेक वेळा आपण एकटेच. आपलं म्हणणं असतं की घ्यायचीच आहे तर जरा पळणारी घेऊ. आणि मधे एखादा ओळखीचा मेकॅनिक इंजिनाला कान लावून मान हलवत उभा असतो.

अगदी हाच सीन शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घडला होता. फरक एवढाच की तिथे गाडीच्या जागी विमान होतं आणि ते घेणारी होती अमेलिया इअरहार्ट. अमेलिया म्हटलं की आपल्याला तिचं गायब होणं तेवढं आठवतं. पॅसिफिक महासागर, १९३७, न सापडलेलं विमान. त्यावर व्हिडिओंचा नुसता पाऊस आहे. पण त्याआधीची सोळा वर्षं तिने काय केलं? तर एकामागून एक जुनी विमानं घेतली, दर वेळी आधीच्यापेक्षा वेगवान, आणि बहुतेक वेळा स्वतःचा हात पुरता बसायच्या आत. तिची गोष्ट तिच्या विमानांवरून सांगितली तर ती जास्त कळते.

दहा मिनिटांची फेरी

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७चा, कॅन्सस राज्यातल्या अ‍ॅचिसन गावचा. वडील वकील होते, पण दारूपायी घर सतत हलत राहिलं. नोकऱ्या सुटल्या, गावं बदलली. पहिल्या महायुद्धात तिने कॅनडात टोरंटोच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची सेवा केली. नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला आणि तो अर्धवट सोडला. थोडक्यात, तेविसाव्या वर्षी तिचं काहीच धड ठरलेलं नव्हतं. ओळखीचं वाटतंय ना?

२८ डिसेंबर १९२० रोजी कॅलिफोर्नियात लाँग बीचला ती वडिलांबरोबर विमानं बघायला गेली. फ्रँक हॉक्स नावाच्या पायलटने दहा डॉलर घेऊन तिला दहा मिनिटं हवेत फिरवून आणलं. खाली उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं. आठवड्याभरात, ३ जानेवारी १९२१ला, तिचा पहिला धडा सुरू झाला. शिकवणारीही बाईच होती, नेटा स्नूक. क्लासची फी परवडावी म्हणून अमेलियाने फोटोग्राफी केली, ट्रक चालवला, टेलिफोन कंपनीत नोकरी केली.

पिवळं पाखरू

सहा-सात महिने झाले नाहीत तोच तिला स्वतःचं विमान हवं झालं. ज्या मैदानावर ती शिकत होती ते बर्ट किनर यांचं. त्यांनी एअरस्टर नावाचं छोटं विमान बनवलं होतं. शिकवणीच्या जड विमानापेक्षा ते हलकं, चटकन उठणारं, भरकन वर चढणारं. इंजिन मात्र तीन सिलिंडरचं आणि भारी थरथरणारं. इतकं, की पायांना मुंग्या यायच्या. नेटाला हे विमान नवशिक्यासाठी पसंत नव्हतं. तिने तसं सांगितलंही. अमेलियाने ऐकलं नाही. १९२१च्या उन्हाळ्यात, चोविसाव्या वाढदिवसाच्या आसपास, तिने ते सेकंडहँड एअरस्टर घेतलं. साठवलेले पैसे पुरले नाहीत, घरच्यांनी मदत केली. रंग पिवळाधमक, म्हणून नाव ठेवलं कॅनरी. विमान ठेवायला जागेचं भाडं नको म्हणून तिने किनर यांच्याशी सौदा केला: तुम्ही गिऱ्हाइकांना दाखवायला माझं विमान वापरा, मी ते तुमच्याकडे फुकट ठेवते.

आणि मग नेटा म्हणत होती तेच झालं. दोघी एअरस्टरमधून उडत असताना समोर निलगिरीची झाडं आली. विमान पुरेसं वर चढेना. अमेलियाने नाक आणखी वर खेचलं, पंखांवरचा आधार सुटला आणि विमान खाली आलं. दोघी वाचल्या.

इथे काय घडलं ते समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट यावर आहे. विमान हवेत राहतं ते पंखावरून हवा नीट वाहते म्हणून. वेग कमी असताना नाक फार वर केलं तर हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो. याला स्टॉल म्हणतात. त्यात एक पंख आधी पडला तर विमान भिंगरीसारखं गरगरत खाली येतं. तो स्पिन. झाड समोर आलं की मन सांगतं, वर खेच. नेमकं तेच घातक ठरतं.

अमेलियाने यातून काय घेतलं? तिने विमान विकलं नाही. माजी लष्करी प्रशिक्षक जॉन मॉन्टिहो यांच्याकडे ती पुढचं शिकली आणि हट्ट धरला की कसरती शिकल्याशिवाय मी एकटी उडणार नाही. विमान मुद्दाम स्पिनमध्ये घालायचं आणि त्यातून बाहेर काढायचं, हे हाताला माहीत हवं. तिच्या वयाच्या पायलटांना एकट्याने उडायची घाई असायची. हिने घाई विमान घेण्यात केली, एकटीने उडण्यात नाही.

ऑक्टोबर १९२२मध्ये याच कॅनरीतून ती १४ हजार फुटांवर गेली. तो महिलांचा विक्रम ठरला. मे १९२३मध्ये आंतरराष्ट्रीय वैमानिक परवाना मिळाला. हा परवाना मिळवणारी ती अमेरिकेतली सोळावी महिला.

आणि मग पैसे संपले. कुटुंबाची पुंजी एका खाणीत बुडाली, आईवडिलांचा घटस्फोट झाला. १९२४मध्ये कॅनरी विकावी लागली. त्या पैशातून तिने एक पिवळी मोटार घेतली आणि आईला शेजारी बसवून देश आडवा पार करत बॉस्टनला गेली. तिथे डेनिसन हाऊस या संस्थेत स्थलांतरितांच्या मुलांसाठी ती काम करू लागली. उडणं आता फक्त सुट्टीच्या दिवशी, तेही जमलं तर.

सामान म्हणून अटलांटिक पार

१९२८मध्ये अचानक फोन आला. अटलांटिक पार करणाऱ्या विमानात एक बाई हवी होती. १७-१८ जूनला न्यूफाउंडलंडहून वेल्सपर्यंत ती २० तास ४० मिनिटं प्रवासात होती. विमान चालवलं विल्मर स्टल्ट्झने, मेकॅनिक होता लुईस गॉर्डन. अमेलियाने सुकाणूला हातही लावला नाही. उतरल्यावर कॅमेरे मात्र तिच्याभोवती. एका दिवसात ती जगप्रसिद्ध झाली आणि हेच तिला खुपत राहिलं. आपण नुसतं सामान होतो, असं ती उघड सांगायची.

म्हणून तिने इंग्लंडमध्येच एक विमान घेतलं. पुन्हा सेकंडहँड. लेडी मेरी हीथ हिने जे एव्हरो एव्हियन आफ्रिकेच्या टोकापासून लंडनपर्यंत आणलं होतं, तेच. ते तिने बोटीने अमेरिकेत नेलं आणि त्याच वर्षी देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत आणि परत, एकटीने उडवलं. वाटेत पिट्सबर्गला उतरताना विमान खड्ड्यात जाऊन मोडलं. दुरुस्ती होईपर्यंत थांबली, पुन्हा निघाली. या प्रवासाचा गवगवा अटलांटिकइतका झाला नाही. पण ज्या कामासाठी ती प्रसिद्ध होती, ते काम खऱ्या अर्थाने तिने इथे केलं.

खटारा व्हेगा

आता १९२९. महिलांची पहिली मोठी हवाई शर्यत जाहीर झाली होती, सांता मोनिका ते क्लीव्हलंड. छोटा एव्हियन त्यात काय पुरणार? अमेलियाने तो देऊन एक सेकंडहँड लॉकहीड व्हेगा घेतलं.

व्हेगा म्हणजे त्या काळचं स्वप्न. तेव्हाच्या बहुतेक विमानांना दोन-दोन पंख, मधे खांब, तारांचं जाळं. धावत्या रेल्वेच्या खिडकीतून हात बाहेर काढला की हवा कशी मागे ढकलते, तसं ही प्रत्येक तार आणि प्रत्येक खांब विमानाला मागे ओढतो. आणि वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. जॅक नॉर्थ्रप यांनी व्हेगात हे सगळं काढूनच टाकलं. वर एकच पंख, ना खांब ना तारा. अंग प्लायवूडचं, काँक्रीटच्या साच्यात दाबून घडवलेलं, अंड्यासारखं गुळगुळीत.

पण याची किंमत पायलटला मोजावी लागायची. पुढच्या मोठ्या इंजिनामुळे उतरताना समोरचं नीट दिसायचं नाही. विमान जड. आणि वेगाचं गणित क्रूर असतं: जमिनीला टेकतानाचा वेग दीडपट झाला तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते. तितका मैदानाचा तुकडा जास्त लागतो, आणि विचार करायला वेळ मात्र कमी मिळतो.

त्यातून तिने घेतलेली व्हेगा होती खटारा. कॅलिफोर्नियात लॉकहीडच्या कारखान्यात ती तपासायला दिली. तिथे वायली पोस्ट हा पायलट होता. एका डोळ्याने अधू असलेला आणि पुढे व्हेगातूनच पृथ्वीप्रदक्षिणा करणारा. त्याने ती एक चक्कर मारून आणली आणि सरळ सांगितलं की हे विमान उडवायच्या लायकीचं नाही. कंपनीने तिला बदली विमान दिलं. सेकंडहँड गाडी घेताना सोबत माहितगार माणूस न्यावा म्हणतात, ते यासाठी.

१८ ऑगस्टला शर्यत सुरू झाली. वीस जणी उतरल्या होत्या. युमाला उतरताना अमेलियाची व्हेगा वाळूत घुसली आणि पंखा वाकला. तो दुरुस्त करून ती पुढे गेली. पण त्याच टप्प्यात मार्व्हल क्रॉसन ही अनुभवी पायलट अ‍ॅरिझोनात कोसळून गेली. शर्यत थांबवा, बायकांचं हे काम नाही, अशी ओरड झाली. मुलींनी थांबायला नकार दिला. लुईस थेडन जिंकली. सगळ्यात दांडग्या विमानांपैकी एक हाताशी असूनही अमेलिया तिसरी आली. विमान वेगवान होतं, हात अजून बसायचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महिला वैमानिकांची संघटना उभी राहिली. सुरुवातीच्या सदस्यांच्या संख्येवरून तिचं नाव ‘नाइन्टी-नाइन्स’ पडलं आणि तिची पहिली अध्यक्ष झाली अमेलिया.

लाल व्हेगा

५ जुलै १९३०ला डेट्रॉईटला तिने व्हेगातून ताशी १८१ मैल, म्हणजे सुमारे २९१ किलोमीटर वेगाचा महिला विक्रम केला. त्याच वर्षी तिने आणखी एक व्हेगा घेतलं, ५बी. हेही वापरलेलंच, १९२८च्या शेवटी बनलेलं. सप्टेंबरमध्ये ते नाकावर उलटलं आणि अख्खं अंग बदलावं लागलं. पण या वेळी तिने घाई केली नाही. नवं अंग जास्तीच्या इंधनटाक्या पेलतील असं मजबूत करून घेतलं. जास्त ताकदीचं इंजिन, तीन प्रकारचे होकायंत्र. तयारी बर्न्ट बाल्कन या अनुभवी नॉर्वेजियन पायलटच्या देखरेखीखाली, गाजावाजा न करता.

२० मे १९३२च्या संध्याकाळी न्यूफाउंडलंडमधल्या हार्बर ग्रेसहून ती एकटी निघाली. लिंडबर्गच्या उड्डाणाला बरोबर पाच वर्षं झाली होती. काही तासांतच उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा जोड फुटला आणि तिथून ज्वाळा दिसू लागल्या. वर गेलं तर पंखांवर बर्फ, खाली गेलं तर अंधारात समुद्र किती जवळ आहे ते कळेना. बर्फाच्या वजनाने विमान एकदा स्पिनमध्ये गेलं, गरगरत खाली आलं. लाटांच्या थोडं वर ते सरळ झालं.

अकरा वर्षांपूर्वी निलगिरीच्या झाडांसमोर जो हात चुकला होता, तो इथे चुकला नाही. मॉन्टिहोकडे धरलेला तो हट्ट त्या रात्री कामी आला, असं मला तरी वाटतं.

पॅरिस गाठायचं होतं, पण १४ तास ५६ मिनिटांनी ती उत्तर आयर्लंडमध्ये लंडनडेरीजवळच्या एका कुरणात उतरली. २,०२६ मैल. अटलांटिक एकटीने विनाथांबा पार करणारी पहिली महिला. यावेळी सामान म्हणून नाही.

शेवटचं विमान

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९३६मध्ये दोन इंजिनांचं, आणखी वेगवान इलेक्ट्रा. मार्च १९३७मध्ये होनोलुलूला उड्डाणाच्या वेळीच ते मोडलं. दुरुस्त करून जूनमध्ये पुन्हा निघाली. मायामी, आफ्रिका, कराची, कलकत्ता. २ जुलैला न्यू गिनीतल्या लेहून उडाली आणि हाउलंड बेट गाठू शकली नाही. बेटाजवळच्या जहाजाला तिचा आवाज ऐकू येत होता, पण दोन्हीकडचं बोलणं जुळलं नाही. रेडिओच्या बाबतीत तयारी कमी पडली, असं अनेक अभ्यासक मानतात. विमान पुढे होतं आणि तयारी एका बाबतीत मागे राहिली. एअरस्टरमध्ये झालं होतं तसंच. फक्त या वेळी खाली मैदान नव्हतं.

तिची गोष्ट सांगून मला तुम्हाला घाबरवायचं नाही, आणि बिनधास्त उडी मार असंही म्हणायचं नाही. ती दर वेळी आपल्या हातापेक्षा थोडं पुढचं विमान घेत राहिली, म्हणूनच ती घडली. पण जिथे जिंकली, तिथे विमान आणि हात यांच्यातलं अंतर तिने आधी बसून भरून काढलं होतं. जिथे ते अंतर राहिलं, तिथे किंमत पडली. नेटा चुकीची नव्हती. अमेलियाही पूर्ण चुकीची नव्हती.

ती लाल व्हेगा ५बी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. वापरलेलं, उलटलेलं, अंग बदललेलं विमान. पुढच्या वेळी घरात दोन पार्ट्या पडल्या, तर गाडी कोणती हा प्रश्न नंतर विचारा. आधी हे विचारा की ती हातात आल्यावर पहिले सहा महिने मी काय शिकणार आहे.