केडगाव आलं की...

कुर्डुवाडीहून पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड सोडलं की थोड्याच वेळात केडगाव लागतं. कितीदा तरी गेले असेन त्या वाटेनं, पण खिडकीतून बाहेर बघावंसं कधी वाटलं नाही. आमच्या माहेरी पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की त्या बाटल्या, एवढ्यावर विषय संपायचा. बी. ए.ला असताना त्यांच्यावर चार ओळी वाचल्या, परीक्षेपुरत्या. खऱ्या रमाबाई मला भेटल्या त्या चाळिशीनंतर, एका बालगृहातल्या मुलीमुळं.

त्या १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला माणूस. घर असं नव्हतंच, तीर्थामागून तीर्थ फिरणं. १८७४च्या सुमारास दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. ती आणि भाऊ श्रीनिवास, दोघंच उरली. उपाशीपोटी शेकडो मैल चालली. कलकत्त्यात पंडितांनी तिला 'सरस्वती' म्हणून गौरवलं १८७८ मध्ये, पण त्याआधीची चार वर्षं ती निराधार पोर होती, आणि ते तिला कधी विसरता आलं नाही, असं मला वाटतं.

पुढचं आयुष्य भराभर घडलं. भाऊ गेला, बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये नवराही गेला. १८८३ साली विलायतेत त्या ख्रिस्ती झाल्या. अमेरिकेत फिरून पैसा जमवला आणि १८८९ मध्ये मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढं पुण्याला आणलं. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे या त्याच सदनात शिकलेल्या.

सदनावर देखरेखीला रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी होती. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये वाद पेटला, मंडळी बाहेर पडली, बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. इथं मी रमाबाईंची भक्त असूनही थोडी अडखळते. संस्थेत ठेवलेल्या पोरीचं मन संस्थेबाहेरच्या कुणीतरी विचारायला नको का? ज्याची भाकर खायची त्याच्यासमोर कुणाच्या तोंडून नाही निघणार? पण त्या भांडणात मोठ्या माणसांनी मुलींना कितपत विचारलं, हेही मला कुठं फारसं वाचायला मिळालं नाही.

आणि याच बाईनं दुसऱ्या बाजूनं काय केलं, तेही सांगते. १८९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ. तिथल्या सरकारी छावण्यांत मुलींचे काय हाल होतात, कोण त्यांच्यावर टपून बसतंय, हे त्यांनी जाऊन पाहिलं आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर ठेवलं. तेच पुढं मुक्ती सदन. त्याच वर्षी त्यांची एक मुलगी सरकारी प्लेग इस्पितळात नेली गेली, ती परत आलीच नाही. कुणी धड उत्तर देईना. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहून त्यांनी जाब विचारला. सरकारनं आरोप झिडकारले. पण एका बेवारस पोरीसाठी गव्हर्नरच्या सरकारला विचारणारी, तिच्या बाजूनं उभी राहणारी एक बाई होती!

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसं होती. विणकाम, छापखाना, शेती, गोठा, सगळं मुली शिकल्या. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवी. म्हणजे बाहेर पडल्यावर हातात काहीतरी असावं. १९२१ मध्ये लेक गेली, १९२२च्या ५ एप्रिलला रमाबाई.

आता त्या मुलीचं. आमचं मंडळ दिवाळीत फराळ घेऊन एका बालगृहात जातं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी चकली हातात धरून उभी राहिली आणि मला विचारू लागली, अठरा पूर्ण झाल्यावर मी जाऊ कुठं? मला उत्तरच आलं नाही. घरी येऊन पुस्तकं शोधली, कायदा वाचला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतर एकवीसपर्यंत अनुरक्षणाची सोय आहे. जिल्ह्याला बालकल्याण समिती आहे, तिच्यापुढं मूल स्वतः बोलू शकतं. १०९८ वर फोन करता येतो. हे त्या मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मलाही कुठं माहीत होतं? फराळाचे डबे मात्र मी सात वर्षं नेत होते.

आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला. अक्षर तिचं, शब्दही तिचेच, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. सोलापूरला समितीपुढं ती एकटी आत गेली, मी बाहेर बाकावर बसले. वीस मिनिटं बोलत होती. आता ती पुण्यात अनुरक्षणगृहात राहून नर्सिंग शिकते. गाडीतून जाताना केडगाव आलं की मला मिस्ड कॉल देते.