सुजेचे मूळ शोधणारे डॉ. ब्राइट

दोनशे वर्षांपूर्वी युरोपात अंगावरची सूज हाच एक आजार समजला जाई. तिचे मूळ मूत्रपिंडात असू शकते, हे दाखवून दिले डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी.

ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे सधन व्यापारी घराण्यात झाला. १८१३ मध्ये ते एडिंबरा विद्यापीठातून डॉक्टर झाले. पुढे हंगेरीत फिरून त्यांनी प्रवासवर्णन लिहिले, त्यासाठी चित्रेही स्वतः काढली. निरीक्षणाची हीच सवय लंडनच्या गाइज रुग्णालयात कामी आली.

सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन ते मेणबत्तीवर तापवत. अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर जसा घट्ट होतो, तशी लघवी गढूळ होऊन साकळली, की तिच्यातून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असल्याचे कळे. रुग्ण दगावल्यास ते शवविच्छेदनात मूत्रपिंडे पाहत. ती टणक, खडबडीत, कधी आक्रसलेली असत. सूज, लघवीतील अल्ब्युमिन आणि बिघडलेले मूत्रपिंड यांचा संबंध त्यांनी १८२७ च्या ग्रंथात मांडला. १८५८ मध्ये ते वारले. पुढे कित्येक वर्षे मूत्रपिंडाच्या अशा विकारांना ‘ब्राइटचा आजार’ म्हटले जाई.

आज त्या एका नावाखालचे अनेक आजार वेगळे ओळखता येतात. त्यांपैकी एक एफएसजीएस. यात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्यांपैकी काहींमध्येच, तेही त्यांच्या काही भागातच वण पडतात. दिवसभरात साडेतीन ग्रॅमहून अधिक प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात, रक्तातील अल्ब्युमिन घटते, कोलेस्टेरॉल वाढते आणि सूज येते. याला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. तो इतर विकारांतही होतो, म्हणून नेमक्या निदानासाठी सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. वण पडलेली गाळणी तुकड्यात आलीच नाही, तर निदान निसटू शकते. लठ्ठपणा, काही विषाणू, औषधे किंवा जनुकीय दोष यांमुळेही असे वण पडतात. कारणानुसार उपचार बदलतात. स्टिरॉइड सर्वांनाच उपयोगी पडत नाही.

बायोप्सीचे नाव काढताच रुग्ण घाबरतात, हे आम्ही सरकारी रुग्णालयात नेहमी पाहतो. पण ब्राइट यांना रुग्णाचे मूत्रपिंड त्याच्या मृत्यूनंतरच पाहता येई. आपल्याला ते उपचाराची वेळ हातात असतानाच तपासता येते. सकाळी डोळ्यांभोवती सूज किंवा वारंवार फेसाळ लघवी दिसल्यास आधी लघवीची साधी तपासणी करून घ्या.